वॉर्निंग गप्प करायची की ऐकायची? कर्नेल कोडमधल्या जांभळ्या ओळींची गोष्ट

ज्यांची रेंज लोकलमध्ये जाते किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना झालेलं "अं… म्हणजे… काय म्हणत होतो मी" एवढं काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "दादा, मला लिनक्स कर्नेलमध्ये काहीतरी काम करायचंय. सगळे सांगतात, कंपायलरच्या वॉर्निंग्ज फिक्स करण्यापासून सुरुवात कर, सोपं असतं. खरंच सोपं असतं का?"

माझं उत्तर असं की वॉर्निंग घालवणं सोपं आहे, फिक्स करणं सोपं नाही. या दोन गोष्टींत फरक आहे हे मला माझ्याच चुकीतून कळलं. ती चूक सांगतोच. पण आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे ज्यांनी कधी सी भाषेला हात लावला नाही त्यांनाही समजेल.

वॉर्निंग म्हणजे नक्की काय?

आपण लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. लिनक्स कर्नेलसाठी मुख्यतः दोन कंपायलर वापरले जातात, जीसीसी आणि क्लँग. कोड व्याकरणातच चुकला असेल तर कंपायलर एरर देतो आणि तिथेच थांबतो. पण कोड व्याकरणाने बरोबर आहे आणि तरी काहीतरी खटकतंय, तेव्हा तो वॉर्निंग देतो. टर्मिनलवर जांभळ्या अक्षरात एक ओळ येते आणि काम पुढे चालू राहतं. फाइल तयार होते. प्रोग्रॅम चालतो.

घरातून बाहेर पडताना आई विचारते ना, "गॅस बंद केलास का रे?" वॉर्निंग अगदी तशी असते. आई दार अडवून उभी राहत नाही, फक्त विचारते. आता तुमच्याकडे दोन पर्याय असतात. परत आत जाऊन शेगडी बघायची, किंवा चपला घालता घालता "हो हो, केलाय" म्हणून सटकायचं. दोन्ही वेळा आईचा प्रश्न थांबतो. गॅस मात्र एकदाच तपासला जातो.

कर्नेलमध्ये हे इतकं महत्त्वाचं का?

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या पोटात लिनक्स कर्नेलच चालतंय. स्क्रीन, कॅमेरा, वायफाय, मेमरी, कोणत्या अ‍ॅपला किती वेळ प्रोसेसर द्यायचा, या सगळ्याचा कारभार तेच बघतं.

एखादं अ‍ॅप चुकलं तर फार तर ते बंद पडतं, आपण परत उघडतो. कारण त्याला सांभाळायला खाली कर्नेल असतं. पण कर्नेलच चुकलं तर त्याला सांभाळायला कोणी नाही. अख्खा फोन अडकतो, फाइल बिघडते, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे वरून सगळं ठीक दिसतं आणि आत कोणाला तरी नको ती परवानगी मिळून जाते. म्हणून कर्नेलमधल्या जांभळ्या ओळीकडे जरा जास्त गांभीर्याने बघावं लागतं.

माझा "= ०" वाला पराक्रम

आता माझी चूक. पहिल्या नोकरीतली गोष्ट आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. आम्ही मोजमाप करणाऱ्या एका छोट्या यंत्रासाठी काम करत होतो. त्याच्या बोर्डावर ४.१४ हे जुनं लिनक्स कर्नेल होतं आणि सेन्सरचा ड्रायव्हर आमच्याकडे होता. मला काम काय मिळालं? "बिल्डमध्ये पंधरा-वीस वॉर्निंग्ज येतायत, तेवढ्या साफ कर."

मी नवीन, उत्साह भरपूर. त्यातली एक वॉर्निंग सांगत होती की "रेट" नावाच्या व्हेरिएबलमध्ये कदाचित काहीच किंमत न भरता ते वापरलं जातंय. कोड साधा होता. सेन्सरची चिप पहिल्या प्रकारची असेल तर एका पद्धतीने सेटिंग लिही, दुसऱ्या प्रकारची असेल तर दुसऱ्या पद्धतीने लिही, आणि जे उत्तर येईल ते "रेट"मध्ये ठेवून शेवटी परत दे.

मी काय केलं असेल? व्हेरिएबल जिथे जाहीर केलं होतं तिथे "= ०" लिहिलं. वॉर्निंग गायब! चहा होईपर्यंत माझ्या सगळ्या वॉर्निंग्ज संपल्या होत्या.

यातली गोम अशी. कर्नेलमध्ये फंक्शनने शून्य परत दिलं की त्याचा अर्थ "काम झालं" असा होतो. काही बिनसलं असेल तर ऋण आकडा परत द्यायचा, अशी पद्धत आहे. कंपायलर मला विचारत होता, "बाबा, चिप पहिल्याही प्रकारची नाही आणि दुसऱ्याही प्रकारची नाही, तर मी काय उत्तर देऊ?" आणि मी त्याला सांगून बसलो, "काम झालं असं सांग."

काही महिन्यांनी बोर्डावर तिसऱ्या प्रकारची चिप बसवायला सुरुवात झाली. ड्रायव्हरला ती ओळखताच येत नव्हती, त्यामुळे तो सेटिंग लिहितच नव्हता. पण वर मात्र "काम झालं" असं कळवत होता. लॉगमध्ये एकही एरर नाही. यंत्र चालू, दिवा हिरवा, आणि मोजमापं चुकीची. चार दिवसांचे आकडे टाकून द्यावे लागले आणि शोधायला आम्हा तिघांचे दोन दिवस गेले.

शेवटी ती ओळ सापडली. गिटमध्ये तिच्यापुढे माझं नाव होतं. आमची टीम लीड ओरडली नाही, तिने फक्त विचारलं, "अरे, वॉर्निंगने तुला प्रश्न विचारला होता. तू प्रश्न वाचला होतास का?" मी वाचला नव्हता. मी फक्त ती ओळ कशी जाईल एवढंच बघितलं होतं.

खरी दुरुस्ती किती होती माहितीये? दोन ओळी. चिप ओळखीची नसेल तर "चुकीची किंमत आली" हा एररचा आकडा परत द्यायचा, बस. वॉर्निंग तशीही गेली असती, आणि तिसरी चिप बसवली त्याच दिवशी यंत्राने तक्रार केली असती.

मोठ्या लोकांनीही हेच केलंय

हा प्रकार फक्त नवशिक्यांचा नाही. लिनक्स कर्नेलमध्ये खूप वर्षं एक खास मॅक्रो होता. व्हेरिएबलवर तो लावला की "किंमत भरलेली नाही" ही वॉर्निंग गप्प व्हायची. म्हणजे "हो हो, केलाय बंद" म्हणण्याची अधिकृत सोय! अडचण अशी की तो एकदा लावला की नंतर कोड बदलून तिथे खराखुरा बग शिरला तरी कंपायलर बोलू शकत नाही. कर्नेलच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या कीस कूक यांनी २०२० मध्ये तो मॅक्रो सगळीकडून काढून टाकला.

पण नाण्याची दुसरी बाजूही ऐका. त्याच वर्षी, मे २०२० मध्ये, लिनस टोरवाल्ड्स यांनी जीसीसीची "कदाचित किंमत भरलेली नाही" ही वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमध्ये बंदच करून टाकली. कारण जीसीसी विनाकारण फारच ओरडायला लागला होता. आई दर दोन मिनिटांनी गॅसबद्दल विचारायला लागली तर आपण ऐकणंच सोडून देतो ना, तसं. खोट्या वॉर्निंग्जच्या ढिगात खरी वॉर्निंग हरवते. म्हणजे कंपायलर नेहमी बरोबर असतो असंही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दादरला उतरायचं राहिलं: स्विच आणि ब्रेक

आता कर्नेलमधल्या सगळ्यात मोठ्या सफाईंपैकी एक बघू. सी भाषेत "स्विच" असतो. किंमत एक असेल तर हे कर, दोन असेल तर ते कर, अशी यादी. प्रत्येक कामाच्या शेवटी "ब्रेक" लिहायचा. तो विसरलात तर प्रोग्रॅम थांबत नाही, सरळ खालच्या कामात घुसतो. दादरला उतरायचं होतं, डुलकी लागली, फास्ट लोकल थेट कुर्ल्याला. तसंच.

गंमत म्हणजे कधी कधी आपल्याला खरंच कुर्ल्याला जायचं असतं. दोन कामं एकापाठोपाठ व्हावीत म्हणून ब्रेक मुद्दाम गाळलेला असतो. मग कंपायलरने कसं ओळखायचं, हा माणूस झोपलाय की याला पुढेच जायचंय? पूर्वी लोक तिथे कॉमेंट लिहायचे, "इथून खाली जाऊ दे" अशा अर्थाची. काही जण तेही लिहायचे नाहीत.

२०१७ मध्ये आलेल्या जीसीसी ७ मध्ये यासाठी वॉर्निंग आली. पण कर्नेलवर ती लावली तर पूर निघायचा, कारण अशा हजारो जागा होत्या. गुस्ताव्हो सिल्व्हा या डेव्हलपरने हे काम हातात घेतलं. एकेक जागा उघडायची, आजूबाजूचा कोड वाचायचा, ठरवायचं की इथे ब्रेक मुद्दाम नाही की विसरलाय, मग त्या विभागाच्या मेंटेनरला पॅच पाठवायचा. वर्षानुवर्षं. यात खरोखर विसरलेले ब्रेकही सापडले, म्हणजे कोणाच्या लक्षातही न आलेले बग. २०१९ मध्ये कर्नेल ५.३ पासून ही वॉर्निंग जीसीसीसाठी सगळीकडे चालू झाली. लगेच पुढच्या आवृत्तीत कॉमेंटऐवजी "फॉलथ्रू" असा शब्दच कोडमध्ये लिहायची सोय आली, आणि २०२१ मध्ये क्लँगसाठीही ही वॉर्निंग चालू झाली.

मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी. हे काम एखाद्या स्क्रिप्टने एका रात्रीत करता आलं असतं. जिथे ब्रेक नाही तिथे "फॉलथ्रू" चिकटवून दे, झालं. वॉर्निंग शून्य. पण मग विसरलेल्या प्रत्येक ब्रेकवर "हे मुद्दाम केलंय" असा शिक्का बसला असता. बग सापडण्याऐवजी कायमचा लपला असता. माझ्या "= ०"चाच मोठा भाऊ.

एक बरोबरचं चिन्ह कमी, दोन कंस जास्त

वॉर्निंग गप्प करण्याचा सगळ्यात थरारक किस्सा २००३ चा आहे.

सी भाषेत "समान आहे का?" हे विचारायला दोनदा बरोबरचं चिन्ह लिहितात. एकदाच लिहिलं तर त्याचा अर्थ होतो "ही किंमत आत भर". इतकी सामान्य चूक आहे की अटीमध्ये एकच चिन्ह दिसलं की जीसीसी विचारतो, "तुला नक्की हेच म्हणायचंय का?" आणि तुम्हाला खरंच तेच म्हणायचं असेल तर त्याभोवती एक जादा कंस टाकायचा. कंस दिसला की तो गप्प बसतो.

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नेलच्या कोडमध्ये कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. मुख्य साठ्यात नाही, लोकांच्या सोयीसाठी ठेवलेल्या त्याच्या एका प्रतीत. वर वर बघता ती एक साधी तपासणी होती. अमुक पर्याय एकत्र आले असतील आणि वापरकर्त्याचा क्रमांक शून्य असेल तर एरर दे. पण तिथे बरोबरचं चिन्ह एकदाच होतं. म्हणजे तपासणी नव्हतीच, वापरकर्त्याचा क्रमांक शून्य करून टाकला जात होता. आणि लिनक्समध्ये क्रमांक शून्य म्हणजे रूट, सगळ्या मशीनचा मालक. ते विशिष्ट पर्याय देऊन तो कॉल करणारा कोणीही मालक झाला असता.

आणि हो, त्याभोवती कंस व्यवस्थित होते. कंपायलर एक शब्द बोलला नसता.

मुख्य साठा आणि ती प्रत यांची तुलना करणारी यंत्रणा होती, तिच्यात फरक दिसला आणि हा प्रकार तिथेच पकडला गेला. मुख्य कर्नेलमध्ये तो कधी पोचलाच नाही. यातून मी एवढंच शिकलो की वॉर्निंग न येणं म्हणजे कोड बरोबर असणं नव्हे. आणि कुठे जादा कंस किंवा विचित्र कास्ट दिसला, तर आधी विचारायचं, याने कोणाला गप्प केलंय?

चुकीची दुरुस्ती किती महाग पडते?

हा किस्सा कर्नेलचा नाही आणि वॉर्निंगही कंपायलरची नव्हती, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणात ओपनएसएसएल या लायब्ररीबद्दल व्हॅलग्राइंड नावाचं तपासणी साधन तक्रार करत होतं. तक्रार ओळखीची आहे, किंमत न भरलेली मेमरी वापरली जातेय. तक्रार जावी म्हणून कोडमधल्या ओळी काढल्या गेल्या. तक्रार गेली.

पण काढलेल्यांपैकी एक ओळ गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी लागणारा यादृच्छिकपणा गोळा करत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, जो तेव्हा जास्तीत जास्त ३२,७६८ पर्यंत जायचा. म्हणजे जगातलं सगळं कॉम्प्युटर बळ लावूनही ओळखता येऊ नये अशी किल्ली, आणि प्रत्यक्षात एका प्रकारच्या मशीनवर एका लांबीच्या किल्लीसाठी शक्यता बत्तीस हजारांच्या आसपास. साधा लॅपटॉपही त्या सगळ्या बनवून ठेवू शकतो. हे मे २००८ मध्ये उघड झालं. तोवर डेबियन आणि त्यावर उभ्या असलेल्या उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या जगभर सर्व्हरांवर पसरल्या होत्या. त्या सगळ्या शोधून, फेकून, नव्याने बनवाव्या लागल्या.

मग नेमकं करायचं कसं?

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाकडे परत येतो. सुरुवात जरूर वॉर्निंगपासून कर. पण अशी.

पहिलं, अख्खं कर्नेल बिल्ड करत बसू नकोस. साधा लॅपटॉप चालतो. एखादंच फोल्डर घे आणि "मेक" कमांडला "डब्ल्यू=१" जोड. नेहमी बंद असणाऱ्या जादा वॉर्निंग्ज दिसायला लागतील. त्यातली एकच निवड.

दुसरं, लगेच टाइप करू नकोस. वॉर्निंग शब्दशः वाच आणि तिचा प्रश्न मराठीत लिहून बघ. मी अजूनही वहीत लिहितो, हसू नका! "कंपायलरला शंका आहे की तिसऱ्या वाटेने आलो तर या डब्यात काही नसेल." एवढं लिहिलं की अर्धं काम होतं.

तिसरं, इतिहास बघ. "गिट ब्लेम" आणि "गिट लॉग"ने कळतं की ही ओळ कधी आली, का आली. कितीदा तरी उत्तर तिथेच असतं.

चौथं, तीनपैकी एक ठरव. एक, खरा बग आहे. दोन, कोड बरोबर आहे पण वाचणाऱ्याला कळत नाही. तीन, कंपायलरच चुकतोय. पहिल्यात बग दुरुस्त कर. दुसऱ्यात कोड अधिक स्पष्ट लिही. तिसऱ्यात कधी कधी काहीच न करणं हेच बरोबर उत्तर असतं. यातलं नक्की कोणतं ते सांगता येत नसेल तर तो पॅच पाठवायची वेळ अजून झालेली नाही.

पाचवं, जीसीसी आणि क्लँग दोन्हीवर बिल्ड करून बघ. एकाची समजूत काढताना दुसरा रुसतो.

सहावं, पॅचचा संदेश. "वॉर्निंग फिक्स केली" एवढंच लिहिलंस तर मेंटेनर परत पाठवणार, आणि बरोबरच करणार. वॉर्निंग काय होती, कोणत्या परिस्थितीत काय बिघडलं असतं आणि हाच उपाय का, हे लिही. बग कोणत्या जुन्या बदलातून आला ते सापडलं तर "फिक्सेस" ओळ जोड. शेवटी "साइन्ड-ऑफ-बाय" आणि तुझं नाव. पाठवण्याआधी कर्नेलमधलीच "चेकपॅच" स्क्रिप्ट चालव, आणि कोणाला पाठवायचा ते "गेट मेंटेनर" स्क्रिप्ट सांगते. पॅच साध्या मजकुराच्या ईमेलने जातो.

सगळ्या वॉर्निंग्जना एररच केलं तर?

हा प्रश्न लाइव्हमध्ये दोघांनी विचारला होता. तसं करून पाहिलंय. सप्टेंबर २०२१ मध्ये, कर्नेल ५.१५ च्या तयारीत, टोरवाल्ड्स यांनी वॉर्निंग आली की बिल्डच थांबेल अशी सेटिंग सगळ्यांसाठी चालू केली. वेगवेगळे प्रोसेसर, वेगवेगळे कंपायलर, त्यामुळे ठिकठिकाणी बिल्ड अडकायला लागले. काही दिवसांतच ती मुख्यतः चाचणीसाठीच्या बिल्डपुरती आपोआप चालू राहील असं केलं गेलं. सामान्य माणसाला हवी असेल तर ती निवडता येते.

मला हा मधला मार्ग पटतो. सक्ती केली की आमच्यासारखे लोक घाईत "= ०" लिहितात. आणि पूर्ण मोकळीक दिली की जांभळ्या ओळी वाचतो कोण?

त्या जुन्या कंपनीतला तो पॅच अजून गिटच्या इतिहासात आहे. खाली दोन ओळींची दुरुस्तीही आहे, तीही माझ्याच नावाने. टीम लीडने ती मलाच करायला लावली होती, आणि संदेशात सगळं कारण लिहायला लावलं होतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब कमिट मेसेज. दोन ओळींच्या बदलाला अकरा ओळी.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा कोड काढा, कंपायलरला सगळ्या वॉर्निंग्ज दाखवायला सांगा आणि त्यातली एक निवडा. फिक्स करायची घाई नाही. ती काय विचारतेय ते मराठीत एका वाक्यात लिहा आणि मला व्हॉइस नोटवर पाठवा. चांगल्या वाक्यांवर पुढच्या भागात बोलू.

तोपर्यंत काळजी घ्या. आणि घरातून निघताना गॅस बघून निघा!